पांढऱ्यावर पांढरं

"कंपनीनं आपल्याला चक्क टोपी घातली," सर म्हणाले. चिडण्यापेक्षा खूशच जास्त दिसत होते.

टेबलावर बोटाच्या पेराएवढ्या सहा काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. सहाही उघड्या. रबरी बुचं एका बशीत काढून ठेवलेली. शेजारी बर्फाचं खोकं, त्यावर सरांच्या विद्यार्थिनीचं नाव. ती प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत मावशीच्या रक्तातून पेशी वेगळ्या करत बसली होती, तेवढ्यात पार्सल आलं आणि नेमकं सरांच्या हाती लागलं.

"तुम्ही उघडल्या, सर?"

"मग काय. उजेडात धरून बघितलं, आत काही नाही. एक उघडली. पण ते म्हणणार, एखादी चुकून रिकामी गेली असेल. म्हणून सहाही उघडल्या. प्रत्येकीत कापूस फिरवून बघितला. हे बघ, कोरा."

त्यांनी कापसाची एक काडी तिच्यापुढे धरली. बाकीच्या पाच कचऱ्याच्या डब्यात होत्या. औषध पांढरं, कापूस पांढरा. पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं?

तिच्या डोक्यात तिडीक गेली. या बाटल्या कधीच भरलेल्या दिसत नाहीत. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, रोगाशी लढणाऱ्या पेशी ती तयार करते आणि वयाबरोबर सुकत जाते. त्या ग्रंथीत सापडणारा प्रथिनाचा एक लहानसा तुकडा कारखान्यात बनवून, वाळवून या बाटल्यांत भरतात. चिमूटभरही नाही. काचेवर जेमतेम पापुद्रा धरतो. गार बाटली लगेच उघडली तर तो हवेतला ओलावा पितो, म्हणून आधी ती बंदच ठेवून खोलीच्या हवेइतकी कोमट होऊ द्यायची. मग काठानं पाणी सोडायचं आणि बाटली न हलवता बोटांत हळू फिरवायची. दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका, हे इथे आल्याच्या दिवशी तिला सांगितलं गेलं होतं. सांगणारे सरच होते. पण त्यानंतर सरांची वर्षं बैठकांत गेली.

"सर, औषध होतं त्यात."

"कुठे? दाखव."

आता काय दाखवणार? तिनं त्यांच्या हातून काडी घेतली आणि उगाच उलटीपालटी करून पाहिली. बाटलीत किती उरलं, कापसाला किती लागलं, कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि पेशींना किती दिलं ते माहीत नसेल तर प्रयोगाला काही अर्थच नव्हता.

"नवीन मागवू की. महिन्याभरात येतील," सर म्हणाले.

"पेशी आजच्या आहेत."

"गोठवून ठेव."

"ताज्याच हव्यात, हे तुम्हीच ठरवलंत, सर."

"मग उद्या परत घे रक्त. तुझीच तर मावशी आहे."

मावशीची उद्या सकाळी कॅन्सरच्या उपचाराची पहिली सलाईन होती. त्यानंतर या पेशी अशा राहणार नव्हत्या, आणि थकलेल्या पेशी या औषधानं जाग्या होतात का, हे त्याआधीच बघायचं होतं. त्यातून मावशीला काही मिळणार नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं. "मला नको काही. पण निदान माझ्या रक्ताचं तरी काही होऊ दे," असं म्हणून तिनं प्रयोगासाठी नाव दिलं होतं. पार्सल लांबलं तेव्हा भाची नको नको म्हणत असताना डॉक्टरांच्या मागे लागून तिनं सलाईन दोन दिवस पुढे ढकलून घेतली होती. आता डॉक्टर एक तासही द्यायला तयार नव्हते.

दार ढकलून मावशीच आत आली. अंगात कुणाचा तरी ढगळ पांढरा कोट, बाही वर सारलेली, कोपराच्या खळगीत सकाळी रक्त घेतल्याचा कापूस चिकटपट्टीनं बसवलेला.

"दाखवणार होतीस ना गं मला? बाहेर बसून कंबर आखडली."

कबूल केलं होतं, त्यामुळे भाचीनं पेशींची ताटली आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मावशी डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. पलीकडे सर फोनवर कंपनीला झापत होते.

"बाई, किती आहेत! या सगळ्या माझ्या?"

"तुझ्याच."

"पण नुसत्याच बसल्यात की. एक हलेल तर शपथ."

"वाट बघतायत."

"मग घाल ना तुझं ते औषध. कशाला ताटकळत ठेवतेस बिचाऱ्यांना? रक्त कमी पडत असेल तर सांग, हा दुसरा हात मोकळाच आहे."

भाचीनं ताटली उचलून झाकली. राग सरांवर होता आणि रडू मावशीपुढे येत होतं, आणि दोन्ही गिळायला हवं होतं. मावशी मागे वळली, टेबलावरची एक बाटली उचलून तिनं खिडकीच्या उजेडात धरली.

"अगं, ही तर रिकामी आहे."

सरांनी फोनवर हात धरला. "बघ. यांना चष्म्याशिवाय दिसलं. मघापासून मी काय सांगतोय?"

भाचीनं मावशीच्या हातातून बाटली घेतली आणि ओळीत परत ठेवली.

"हो," ती म्हणाली. "आता आहे."