गार खोलीतला लॅपटॉप

"तुम्ही लोक खोटं बोलून राहिले," हर्षा काउंटरवर म्हणाली. "पाण्याचा थेंब नाही गेला याच्यात. वॉरंटी द्याची नसंन तं तसं तोंडावर सांगा."

सर्व्हिस सेंटरमधल्या जीवननं मान वर केली नाही. "मी नाही म्हणत, ताई. वरून आलं. लिक्विड डॅमेज."

"वरून म्हंजे? आभाळातून?"

भंडाऱ्याच्या त्या दुकानात एसी चालू होता आणि टेबलावर तिचा गेमिंग लॅपटॉप सकाळपासून मुकाट चालत होता. एकही एरर नाही. चीड होती ती याचीच. इथं आणला की शहाण्यासारखा वागायचा. दिघोरीला मामाकडे नेला तेव्हाही तसाच वागला. घरी परतला की दोन-चार दिवसांत स्क्रीन गोठायची. लॉग उघडला की खाली खाली रांग लागलेली: हार्डवेअर एरर, पुन्हा हार्डवेअर एरर. तोच कोड, बोर्डाचा तोच भाग. तिनं ड्रायव्हर बदलले, बायोस नवं टाकलं, रॅम काढून पुसून परत बसवली, चार्जरही दुसऱ्याचा लावून पाहिला. रांग काही थांबेना.

आणि आता कंपनी म्हणत होती, तूच पाणी सांडलं. विकताना ताई, बिघडल्यावर खोटारडी. यांचं नातं एवढंच.

हैदराबादच्या एका स्टुडिओनं तिला गेममधली जंगलं रचायचं काम दिलं होतं, घरून करायचं. काही महिने पाहू म्हणाले होते. आता त्यांनी कळवलं होतं, मशीन पुन्हा बंद पडलं तर इकडे येऊन ऑफिसातल्या मशीनवर बसा. इथल्या पोरी यासाठी नवस करतात. हर्षाला घर सोडायचं नव्हतं. लोकांना ते खुळेपण वाटे, वाटू दे.

ते घर होतंच तसं. दसरा होऊन गेला होता, बांध्यांत धान पिवळं पडत होतं, बाहेर ऊन डोक्यात शिरत होतं. आणि मधल्या खोलीतली फरशी मात्र माठासारखी गार. दोनेक वर्षांपासून तर जास्तच. आई, धुरपता, ते श्रेय परसातल्या कडुनिंबाला द्यायची. "माया घरी बिनालाइटीचा फ्रिज आहे," असं पाहुण्यांना ऐकवायची. पाहुणे जेवले की आडवे व्हायचे. पंखासुद्धा कोणी लावत नसे. झोप अशी यायची, की उठल्यावर माणूस आपण कुठे आहोत ते विसरायचा. मामा एकदा डोळे चोळत म्हणाला, "मी डोंग्यात होतो ना आता, वल्हवत." वडील, केशवराव, यांना स्वप्नात गवत डोलताना दिसायचं, वारा नसताना.

हर्षा लॅपटॉप तिथंच ठेवायची, थेट फरशीवर. तापणाऱ्या मशीनला याहून बरी जागा जिल्ह्यात नव्हती. हिरवट उजेडात ती झाडं लावत बसे, धुकं सोडत बसे. कधीकधी हिरवा रंग स्क्रीनवरचा कोणता आणि भिंतीवरचा कोणता, हेच कळत नसे.

हे घर वाचलेलं घर होतं. धरणाचे मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी परसाच्या कडेला दगड गाडला. पलीकडचं बुडीत, अलीकडचं सुरक्षित. शेजारच्या केशरबाईचं घर पलीकडे गेलं. ती चूल उचलून नव्या वस्तीत राहायला गेली. केशवराव अलीकडे राहिले. दिवाळीला ते त्या दगडापुढे दिवा ठेवत.

"घरी कुठं ठेवता हे?" जीवननं विचारलं.

"खाली फरशीवर. गार असते."

"मंग सांडलं नसंन. खालून ओल घेत असंन. बोर्ड हिरवा पडला आहे, हा खोलला तेव्हाचा फोटो पाहा."

हर्षानं पाहिलं नाही. लॅपटॉप उचलला आणि बस पकडली.

केशवरावांनी सगळं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. "ओल? माया घरात? माया बापानं मुरूम कुटून केली ही जमीन. त्या पोट्ट्याले काय माहीत." ते उठून लोखंडी सब्बल घेऊन आले. "एक फरशी काढतो. खालची माती कशी ठणठणीत आहे, फोटो काढ आन धाड त्याले. मले त्याचं तोंड पाहाचं आहे."

"फोटो आपण धाडणार, बाबा. त्याचं तोंड कसं दिसंन?"

"अवो, चांगली फरशी काहून खराब करता?" धुरपता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तुया पोरीची नोकरी वाचवून राहिलो."

लॅपटॉप ठेवायच्या जागेवरचीच फरशी त्यांनी निवडली. फटीत सब्बल घातली. जोर लावायची गरजच पडली नाही. फरशी इतकी सहज सुटली की केशवराव मागे बसले. मग पुढे वाकले. वाकलेलेच राहिले.

हर्षा मोबाइल धरून दाराशी उभी होती. तिथून तिला फक्त त्यांची पाठ दिसत होती. "काढू का फोटो?"

त्यांनी सब्बल हळूच बाजूला ठेवली, पायजमा वर घेतला आणि ते त्या उघड्या भोकाच्या कडेला बसले.

"फोन लाव," ते म्हणाले.

"कंपनीले?"

"नाही. ज्यानं दगड गाडला त्या धरणाच्या साहेबाले."

साहेबांनी फोन उचलला. हर्षानं स्पीकर चालू केला.

"साहेब, मी केशवराव बोलतो. माया घरापावेतो धरणाचं पाणी येईन का कधी?"

पलीकडे कोणीतरी चहा ढवळत होतं. साहेब मोकळं हसले. "काका, निवांत झोपा. तुमचं घर बुडीत क्षेत्राच्या बाहेर आहे. तिथं पाणी येऊच शकत नाही."

"बराबर आहे, साहेब," केशवराव शांतपणे म्हणाले. "मंग मी घरात बसून पाय कायच्यात सोडले आहो, तेवढं सांगा."