वेशीवरची पाटी

तीस उंबऱ्यांच्या त्या गावाची रोस्विता नोआक ही शेवटची सरपंच. पाच गावांचा कारभार एकाच कचेरीत न्यायच्या ठरावाला सगळ्यांत आधी हात वर केला तो तिनेच. गावाकडे सरकत येणारी कोळशाची खाण एकट्या गावाने कुठवर अडवायची? पाच गावांचं बळ वेगळं, असं कचेरीतल्या साहेबांनी तिला पटवलं होतं.

आज उवे हा कचेरीचा कामगार गावाची नवी पिवळी पाटी बसवायला आला, तेव्हा ती कॉफी आणि प्लमचा केक घेऊनच वेशीवर गेली. शेतापलीकडे खाणीचं यंत्र घरघरत होतं.

"चांगली खोल गाड रे बाबा. इथला वारा लई वाईट."

उवेने केकचा एक घास घेतला, उरलेला तुकडा बाजूला ठेवला, खड्ड्यात खांब उभा केला आणि तो भोवती नुसती वाळू लोटायला लागला.

"अरे, सिमेंट विसरलास की काय? आत्तापासूनच असला कारभार का तुमचा?"

उवेने बाजूला ठेवलेला केक उचलून परत तिच्या डब्यात ठेवला.

"विसरलो नाही, नोआकबाई. बाकीच्या चारही गावांना सिमेंट घातलं. तुमची तेवढी सहज उपटता येईल अशी बसवायला सांगितलीय."