दहाच्या आधीची ओळ

साल सत्त्याऐंशी. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून हेडक्लार्क अण्णा दाबके मुलुंडच्या क्लासात ‘बेसिक’ ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसले, आणि आयुष्यातल्या पहिल्याच प्रोग्रामच्या डोक्यावर सवयीने ‘श्री’ लिहून मोकळे झाले. मशीनने लगेच चूक दाखवली.

“अण्णा, त्याला देवबिव कळत नाही,” निम्म्या वयाचे विद्याधर सर हसले. “त्याच्या आधी ‘रेम’ लिहा, म्हणजे ती ओळ मशीन वाचणारच नाही. पण मग लिहायची कशाला? फुकट जागा अडवते.”

“अडवू दे हो. मी साधा रजेचा अर्जसुद्धा श्रीशिवाय लिहिलेला नाही.” अण्णांनी रेम लावलं आणि प्रोग्राम चालला.

सर वर्गाकडे वळले. “ओळींना दहा, वीस, तीस असेच नंबर द्या. काही विसरलं तर मागाहून मध्ये घालता येतं.”

शनिवारी बँकेचे मोठे साहेब क्लास बघायला आले. त्यांना पटलं तर पन्नास जणांची बॅच मिळणार होती, आणि नेमका सरांचाच प्रोग्राम दोनदा अडकला. घाम पुसत सरांनी चूक शोधली, सुधारली. आता चालवणार, तोच ते थबकले आणि साहेबांकडे पाठ करून एका बोटाने हळूच काहीतरी टाइप केलं.

मागच्या खुर्चीवरून अण्णांनी चष्मा नीट करून स्क्रीन वाचला.

दहाच्या वर आता पाच नंबरची ओळ होती: रेम श्री.