रबरी चपला
“ताई, नळ चावतो,” मावशी म्हणाली होती.

मावशी बाळाला सांभाळायला यायची. बाळाची आई हसली. “दात बाळाला येतायत मावशी, नळाला नाही.” शिवाय इमारतीतलं विजेचं काम लायसन्सवाल्या कंत्राटदाराचं होतं. खाली मीटरच्या खोलीत त्याची पाटीच होती, परवाना क्रमांक आणि पत्त्यासकट. घर घेताना तिने ती मुद्दाम वाचली होती. तिचं सगळंच तसं. बाळाच्या खेळण्यांचे कोपरेसुद्धा ती आधी स्वतःच्या गालावर घासून बघायची.

दुसऱ्या दिवसापासून मावशी बाथरूममध्ये रबरी चपला घालून जाऊ लागली. बाळाच्या आईला ते खपलं नाही. रस्त्यावरची घाण, आणि तिथेच बाळाचा टब.

“चपला बाहेर काढा, मावशी.”

मावशीने चपला दाराशी काढून ठेवल्या.

थोड्याच दिवसांत मावशी नळापाशी कोसळली. बाळ तेव्हा आईच्या हातात, टॉवेलात होतं. “बीपी असेल, डॉक्टरला दाखवा,” असं सांगून तिने मावशीला खाली पोचवलं. मावशी उजवा हात पोटाशी धरून चालत गेली. पुन्हा आली नाही.

“न सांगता काम सोडतात ही माणसं,” तिने नवऱ्याला सांगितलं.

आणि मग एका सकाळी तिनेच अनवाणी उभं राहून नळ सोडला. बोटांपासून खांद्यापर्यंत कुणीतरी हिसडा मारला. हात सुटला, म्हणून वाचली.

तिने मेन स्विच पाडला, बाळाला कडेवर घेतलं आणि पाटीवरचा पत्ता गाठला. कंत्राटदाराला काय काय सुनवायचं ते वाटेत घोळवून ठेवलं होतं.

दार त्याच्या बायकोने उघडलं. कंत्राटदार पलंगावर पडून होता. अर्धं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं. उशाशी भिंतीवर लायसन्स, काच लखलखीत पुसलेली. तिला आत येताना पाहून तो घशातून ओरडला, “चप्पल... चप्पल...”

ती ओशाळली. मागे फिरून तिने चपला दाराबाहेर काढल्या. तो आणखीच तळमळू लागला.

“आमच्या घराचं काम तपासलं कुणी?” तिने बायकोला विचारलं. आवाज ठरवला होता तेवढा चढला नाही.

“हाताखालची मुलं जातात की बघायला. हे सही करतात. डाव्या हाताने छान जमते आता.”

“त्या मुलांकडे लायसन्स आहे?”

“असतं तर सहीसाठी आमच्या दारात कशाला आली असती?” बायको म्हणाली. “हे पडले तेव्हापासून त्या सहीवरच तर घर चाललंय. लायसन्स एकदाही संपू दिलं नाही मी. बसा, पाणी आणते.”

बायको स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. तिथे रबरी चपलांचा एक जोड होता. त्यात तिने पाय सरकवले आणि मगच नळाला हात लावला.

“आमचं वायरिंगही त्याच मुलांनी नवं करून दिलं, फुकटात,” ती आतून म्हणाली. “नळ चावतो मेला. पण चपला घातल्या की काही होत नाही.”

बाळाची आई उभीच राहिली. पलंगावरचा माणूस तिच्या अनवाणी पायांकडे बघत होता.

“चप्पल,” तो म्हणाला. एवढाच शब्द त्याच्याकडे उरला होता.

रस्त्यावर येताच तिने मावशीला फोन लावला. बंद. मावशी राहते कुठे, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडे बाळाला सांभाळायला कुणी येत असेल आणि चपला घालून बाथरूममध्ये जात असेल, तर तिला त्या काढायला लावू नका. आधी नळाचं बघा. मग तिचा उजवा हात एकदा उलगडून बघा. तळव्यावर भाजल्याची खूण असेल, तर ती कदाचित हीच मावशी असेल. बरी आहे का, तेवढं विचारा.