चार ग्लासांची पैज

"आमच्या नव्या फिल्टरच्या पाण्याची चवच न्यारी! डोळे बांधून ओळखून दाखवतो," घड्याळजींनी जिन्यात फुशारकी मारली, आणि खालच्या मजल्यावरच्या वायरमननं तिथल्या तिथं पैज लावली. हरेल त्यानं रविवारी सगळ्यांच्या देखत अख्खा जिना पुसायचा.

चार घरांतून चार ग्लास आले. डोळ्यांवर टॉवेल बांधून घड्याळजींनी पहिला घोट घेतला. गोड. दुसरा, तोही तसाच गोड. तिसऱ्याला कपाळावर घाम फुटला, चौथ्याला आपली जीभच फितूर झाली की काय असं वाटायला लागलं. पण एवढी टिमकी वाजवल्यावर माघार कुठली!

"हा तिसरा आमचा!" त्यांनी दिलं ठोकून.

"तो माझ्या घरचा हो," वायरमन गालातल्या गालात हसला.

रविवारी पँट दुमडून घड्याळजी पायऱ्या पुसत होते आणि बिल्डिंग कठड्याला टेकून मजा बघत होती. तेवढ्यात वायरमनची बायको आणि आणखी दोघी शेजारणी रिकाम्या बाटल्या घेऊन वर आल्या.

"भावजी, जरा सरकता का? रोज तुम्ही दुकानात गेलात की वहिनी तुमच्या फिल्टरचं पाणी भरू देतात, आज तुम्ही घरीच!"