फुली

“गाणं नकोच आहे मला! फक्त सुरुवातीची क्लॅरिनेट द्या. वीस सेकंद!” फोनवर ती जवळजवळ ओरडलीच.

“वीस सेकंद असो की दोन, मॅडम, ते आमच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं आहे. खासगी समारंभांना आम्ही परवानगी देत नाही,” पलीकडच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

महिनाभर पत्रं लिहून शेवटी हे उत्तर. तिने मोबाइल टेबलावर आपटला. समोर तिचे बाबा शांतपणे संत्रं सोलत बसले होते. ती वीस सेकंदांची धून त्यांनीच रचली होती, आणि वाजवलीही त्यांनीच होती.

त्याला आता तीस वर्षं झाली. रेकॉर्डिंगला सगळे जमले होते, पण गाण्याची सुरुवात काही केल्या जमेना. क्लॅरिनेट घेऊन कोपऱ्यात बसलेल्या बाबांनी ती दहा मिनिटांत बसवून दिली. आज ती नुसती ऐकली तरी रस्त्यातला माणूस गाणं ओळखतो. बाबांचं नाव मात्र कुठेच नाही. त्या दिवशी मॅनेजरने एक कागद पुढे केला होता. खाली पेन्सिलीने फुली केलेली. “फुली आहे तिथे सही करा. वाचत काय बसताय, सगळे खोळंबलेत.” बाबांनी सही केली. कागदात ‘कायमस्वरूपी’ असा एक शब्द होता, हे त्यांना फार उशिरा कळलं. तरी ते चिडले नाहीत. बाबांचा राग घरात कोणी पाहिलाच नव्हता. तो कुठे ठेवलाय हे त्यांनाही आठवत नसावं.

मुलगी फोटोग्राफर झाली आणि बापाच्या वाट्याचं भांडणही तिने स्वतःकडे घेतलं. तिच्या स्टुडिओत भिंतीवर पाटीच होती : ‘विचारल्याशिवाय फोटो वापरू नयेत.’ गेल्या महिन्यात एका पार्लरवालीने हिने काढलेला फोटो परस्पर दारावर लावला, तेव्हा हिने भर गिऱ्हाइकांसमोर तो उतरवायला लावला होता.

उद्या एका डॉक्टरीणबाईंच्या निवृत्तीचा समारंभ होता. त्यांचे चाळीस वर्षांचे फोटो पडद्यावर एकामागून एक येणार होते, त्या धुनेच्या संगतीने. आणि शेवटी ‘संगीत’ या शब्दापुढे बाबांचं नाव. ते त्यांनी एकदा तरी भरल्या हॉलमध्ये वाचावं, एवढाच तिचा हट्ट होता.

“वाजवणारच मी,” ती म्हणाली. “येऊ देत कोण येतंय ते!”

“आणि उद्या तुझा फोटो कोणी न विचारता लावला, की कुठल्या तोंडाने भांडशील?”

“पण ती धून तुमची आहे, बाबा.”

“होती.”

“फसवून सही घेतली त्यांनी!”

“घेतली. पण केली मीच ना.” बाबांनी उरलेलं संत्रं तिच्या हातात ठेवलं, हात धुतले आणि स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावरची क्लॅरिनेटची काळी पेटी खाली काढली. सहा वर्षांची धूळ होती तिच्यावर. “लाव तुझे फोटो.”

पहिला सूर असा काही निघाला की खाली रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. दोघंही हसली. दुसऱ्याला श्वास पुरला नाही. मग स्क्रीनवर सायकल हातात धरून उभी असलेली तरुण डॉक्टर आली, आणि बाबांची बोटं सुटली. ही धून नवी होती, या क्षणापर्यंत ती कोणीच ऐकलेली नव्हती. फोटो संपेपर्यंत बाबा थांबले नाहीत. तिने सगळं रेकॉर्ड केलं आणि ओढणीने डोळे पुसले. तिला इतका आनंद झाला होता की कंपनीला पुन्हा फोन लावून ऐकवावंसं वाटत होतं.

पण ती पडली नियमाची. घरचं काम असलं तरी कागद हवाच. संगीत वापरण्याचा एक छापील नमुना तिने कुठल्याशा वेबसाइटवरून घेऊन ठेवला होता. त्यात घाईने स्टुडिओचं नाव भरून तिने प्रत काढली आणि बाबांपुढे ठेवली. पेन घरंगळत टेबलाखाली गेलं होतं, ते शोधून दिलं.

“बाबा, फुली केलीय तिथे सही करा.”

बाबांनी चष्मा मागितला.

“अहो, वाचत काय बसताय? नेहमीचाच कागद आहे. हॉलवाले पडदा तपासायला खोळंबलेत.”

बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला. तिने चष्मा आणून त्यांच्या हातात दिला.

बाबा ओळीखाली बोट धरून वाचत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. तिने वाकून पाहिलं. ‘सदर संगीताचे सर्व हक्क कायमस्वरूपी’, आणि पुढे तिच्याच स्टुडिओचं नाव. तिने तो कागद आजवर वाचलाच नव्हता.

“बाबा, देवाशपथ, मला माहीत नव्हतं. दुसरा करते.”

“दुसरा कशाला?” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. तो चढलेला ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. “हाच चालेल.”

त्यांनी पेन उचललं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या तीन शब्दांवर कागद फाटेल इतक्या जोराने फुली मारली, वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘वापर, फक्त उद्यापुरता’, आणि मगच खाली सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

“त्या वेळी फुली त्यांची होती आणि सही माझी,” कागद तिच्या हातात देत ते म्हणाले, “या वेळी फुलीही माझीच!”