उत्तरं मागच्या पानावर

"चूक," टिल्ली म्हणाली.

सिस्टरने डोळे उघडले नाहीत. इस्पितळातली सकाळची पाळी करून ती नुकतीच घरी आली होती. खाटेवर आडवी, पाय भिंतीला टेकवून वर केलेले, अंगावर अजून गणवेशच.

"परत वाच," ती म्हणाली.

टिल्ली तिची पाचवीतली मुलगी. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून टिल्ली. खाटेच्या कडेला इंग्रजीचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन ती बसली होती आणि अंगठा मागच्या पानांत खुपसून ठेवला होता. उत्तरं तिथे होती. आईच्या डोळ्यांची आग व्हायची, म्हणून टिल्लीने उतारा मोठ्याने वाचायचा, आईने पडल्या पडल्या उत्तर द्यायचं आणि टिल्लीने मागे बघून बरोबर की चूक ते सांगायचं, असं त्यांचं बरेच दिवस चाललं होतं.

आजचा उतारा काचेचा होता. काच कुठे सापडली, ती कुणी फुंकली, मग तिचे कारखाने कसे निघाले. एकेका विधानाला तीनच उत्तरं: खरं, खोटं, नाहीतर उताऱ्यात दिलेलंच नाही. टिल्लीने विधान परत वाचलं. काचेच्या कारागिरांच्या बायकाही भट्टीवर काम करत.

"दिलेलं नाही," सिस्टर म्हणाली.

"चूक. खोटं आहे."

"अगं, खोटं कसं? त्यांच्या बायकांचं नावच नाही त्यात कुठे."

"मला काय विचारतेस? मागे तसं लिहिलंय."

सिस्टरने सुस्कारा सोडला. "जाऊ दे. माझं डोकंच चालेनासं झालंय."

"होईल गं, होईल," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "आधी उठून चार घास खाऊन घे बघू."

सिस्टर उठली नाही. परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत मागच्या वेळी ती याच वाचनाच्या पेपरात अडकली होती. या खेपेला सुटली, की परदेशातल्या इस्पितळात नोकरी ठरलेली. टिल्लीने बाबांजवळ आणि आजीजवळ राहायचं, पुढचं पुढे बघायचं, असं घरात बोलणं झालं होतं. परीक्षा रविवारवर आली होती आणि तिची उत्तरं दिवसेंदिवस जास्तच चुकत चालली होती. आज नवरा घरी आला की त्याला सांगून टाकायचं, हे आपल्याच्याने होणार नाही, असं ती येता येता बसमध्ये ठरवूनच आली होती.

"आता गाळलेल्या जागा," टिल्ली म्हणाली. "द पेशंट, डॅश, हिज मेडिसिन ॲट नून. हॅज गिव्हन, वॉज गिव्हन, वॉज गिव्हिंग."

"वॉज गिव्हन."

"चूक."

सिस्टरने डोळे उघडले. पाळी संपताना हे वाक्य ती नोंदवहीत रोज लिहायची. आजही लिहून आली होती. मेट्रनने आजवर तिच्या नाही नाही त्या चुका काढल्या होत्या, पण या वाक्याला कधी हात लावला नव्हता.

"मग बरोबर काय?"

"वॉज गिव्हिंग."

"म्हणजे पेशंटच औषध देत होता?"

"हो."

टिल्ली पुस्तकातून मान वर काढत नव्हती. पानांत खुपसलेला अंगठा तिने इतका दाबून धरला होता की नख पांढरं पडलं होतं.

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. आणि मग एकदमच सगळं लक्षात आलं. काच, मागच्या आठवड्यातले देवमासे, त्याआधीचा तो छापखान्याचा उतारा. तिची उत्तरं चुकत नव्हतीच.

तिला बरं वाटलं. अगदी हलकं वाटलं, पण क्षणभरच. आपल्याला सगळं येतंय. म्हणजे आता जावं लागणार.

पुस्तक हिसकावून घेता आलं असतं. चांगलं खडसावताही आलं असतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो. तिने परत डोळे मिटले.

"पुढचं वाच."

टिल्लीने वाचलं. सिस्टरने उत्तर दिलं.

"चूक."

"पुढचं."

"चूक."

"हं, पुढचं."

सिस्टर आता सावकाश, प्रत्येक शब्द तोडून उत्तर देत होती. टिल्लीचा आवाज मात्र बारीक बारीक होत चालला होता. शेवटी एका उत्तरावर ती नुसतीच पानं चाळत राहिली. स्वयंपाकघरात भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"टिल्ले, सांग ना. बरोबर की चूक?"

पुस्तक धपकन खाली पडलं.

"आई, तू सगळं बरोबर का सांगतेस?" टिल्ली म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

सिस्टरने पाय खाली घेतले आणि भिंतीकडे सरकून जागा केली. टिल्ली तशीच येऊन तिला बिलगली. गणवेशाच्या खिशातलं पेन तिच्या गालाला टोचत असणार, पण ती हलली नाही.

सासूबाई हात पुसत दारात आल्या. "काय झालं गं? का रडतेय ही?"

"काही नाही," टिल्लीच्या केसांवरून हात फिरवत सिस्टर म्हणाली. "माझं उत्तर चुकलं."